रेंझोच्या रेषेवरचं पांघरूण

इल्डो बर्टाक्कोने कव्हरची आतली बाजू आधी एका गालावर घासून पाहिली, मग दुसऱ्या, आणि शेवटी डोळा मिटून पापणीवर. दुकानातलं हे सातवं कव्हर होतं.

"एवढं आवडलं असेल तर लग्न लावून देऊ का दोघांचं?" काउंटरमागून डॅरिल म्हणाला.

"टोचतंय."

"ते नाही टोचत, तुझी दाढी टोचतेय त्याला. इल्डो, ते मोटरसायकलवर घालायचंय, बाळाला दुपटं नाही घ्यायचं!"

इल्डोने आठवं कव्हर उचललं. साखर कारखान्यात एक्केचाळीस वर्षं फिटर म्हणून राबलेला हा माणूस. डाव्या हाताच्या करंगळीचं टोक तिथल्याच एका चाकात गेलेलं. पण जपण्याच्या बाबतीत त्याच्यासारखा चिकट माणूस अख्ख्या बारोना गावात नव्हता. टीव्हीचा रिमोट त्याने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. सोफ्यावर चादर, त्या चादरीवर दुसरी चादर. "एक दिवस मलाही कव्हर घालून दोरी आवळशील," असं त्याची बायको ग्लेनिस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मोटरसायकलची गोष्ट मात्र निराळी होती, आणि ते डॅरिललाही ठाऊक होतं. गाडी जुनी इटालियन गुझी. तिची टाकी गर्द लाल, आणि त्या लालवर दोन्ही बाजूंनी एकेक सायीच्या रंगाची रेष, टाकीच्या तोंडापासून निघून बसणाऱ्याच्या गुडघ्यापाशी वळणारी, मागे जाता जाता केसाएवढी बारीक होत संपणारी. ती रेष इल्डोच्या थोरल्या भावाने, रेंझोने, चाळीस वर्षांपूर्वी हाताने ओढली होती.

रेंझो गावातल्या पाट्या रंगवणारा. बेकरी, खाटीक, न्हावी, पोहण्याचा क्लब, शेतकऱ्यांचे ट्रक, सगळ्यांवर त्याचीच अक्षरं. शाळेत वाचायला शिकण्याआधी पोरं रेंझोच्या पाट्यांवर शिकायची. मग छापील प्लॅस्टिकच्या पाट्या आल्या. एकेक दुकान बदललं, विकलं गेलं, रंगवलं गेलं. खाटकाची पाटी वादळात गेली आणि बेकरीची बेकरीबरोबर. चार वर्षांपूर्वी रेंझोला कंपवाताने गाठलं. आता कॉफीचा कपही तो दोन्ही हातांनी धरतो. त्याच्या हातचं म्हणून गावात उरलं होतं ते एवढंच, इल्डोच्या टाकीवरच्या दोन रेषा. गेल्या तर पुन्हा ओढणारा कुणी नाही, हे इल्डोच्या मनात सतत असे.

"हे दे," शेवटी त्याने सर्वांत जाड, पावसापाण्याला दाद न देणारं, करड्या रंगाचं कव्हर पुढे केलं.

"आतून खरबरीत आहे हं ते," डॅरिल म्हणाला. "आणि हवा खेळत नाही त्यात. मी तरी ते मऊ अस्तराचं घेतलं असतं."

"मऊ असतं ते पातळ, काय कामाचं? वटवाघळं आंब्यावरून काय काय टाकतात, ते तुझं मऊ अस्तर अडवणार आहे का?"

"घे बाबा, घे. तुझी गाडी, तुझी वटवाघळं."

इल्डोचं घर खांबांवरचं. खाली चारी बाजूंनी उघडी जागा, तिथेच आंब्याच्या बाजूला गाडी, वॉशिंग मशीन आणि कपड्यांच्या दोऱ्या. जाड कव्हर पंधरा दिवस नीट बसलं. मग मंगळवारी संध्याकाळी शेजारच्या मळ्यात ऊस पेटवला.

तोडणीआधी पाचट जाळतात तेव्हा बारोनात काय होतं ते सांगायला नको. आधी तडतड ऐकू येते, मग आभाळ तांबूस होतं, आणि मग काळी राख लांब लांब कातरणासारखी तरंगत खाली येते. घराघरातून बायका दोरीवरचे कपडे काढायला धावतात. ग्लेनिसही धावली. कव्हर काढून गाडीची साखळी पुसत बसलेला इल्डोही उठला आणि गाडीवर कव्हर टाकायला धावला. घाईत त्याने ते टाकीवर ओढलं, दोऱ्या करकचून आवळल्या, आणि आपण वेळेवर पोचलो म्हणून खूश झाला.

पण राख त्याच्याआधी पोचली होती. टाकीवर तिचा पातळ थर बसला होता, त्यावर हे खरबरीत कव्हर. दोऱ्या चाकांशी घट्ट होत्या, तरी मध्ये ते सैल होतं आणि समुद्रावरचा वारा दोन दिवस हटला नाही. खांबांमधून शिरायचा, कव्हर फुगवायचा, आपटायचा. इल्डो वर बसून तो फडफडाट ऐकत होता आणि म्हणत होता, "बघ, किती घट्ट बसलंय!"

गुरुवारी त्याने कव्हर काढलं. डाव्या बाजूची रेष गुडघ्यापाशी, जिथे ती वळते तिथेच, चार बोटं पुसली गेली होती. लाल रंगही तिथे कानशीने घासल्यासारखा पांढुरका झालेला. वटवाघळांनी चाळीस वर्षांत जे केलं नाही, ते त्याने दोन दिवसांत करून दाखवलं होतं.

त्याने कव्हर पुन्हा घातलं आणि ग्लेनिसला काही सांगितलं नाही. पण जेवताना त्याने दुसऱ्यांदा पास्ता मागितला नाही, आणि ग्लेनिस खाली जाऊन बघून आली.

"रविवारी रेंझो येईल," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तो आल्या आल्या आधी टाकीवरून हात फिरवतो, मग मला नमस्कार करतो."

"माहीत आहे म्हटलं ना! सांगेन गाडी दुरुस्तीला दिलीय."

"दुरुस्तीला? तू? तुझी गाडी? परक्या माणसाकडे?" ग्लेनिस हसली. "त्यापेक्षा गाडी समुद्रात बुडाली म्हण, तो पटकन विश्वास ठेवेल."

मग ती आतल्या खोलीत गेली आणि मम्माची पेटी उघडली. इल्डोची आई असुंता लग्नाच्या वेळी इटलीहून ती पेटी घेऊन आली होती. आत लिननच्या बारा चादरी, कोपऱ्यावर तिने स्वतः भरलेली नावाची दोन अक्षरं. त्या चांगल्या दिवसासाठी होत्या. पाहुणा आला तरी निघाल्या नाहीत, बाळंतपणात निघाल्या नाहीत. मम्मा गेली तेव्हा बाराच्या बारा घडी न मोडता सुनेकडे आल्या, आणि सुनेनेही भीतीपोटी त्यांना हात लावला नव्हता.

ग्लेनिसने त्यातली एक काढली आणि थेट वॉशिंग मशीनमध्ये टाकली.

"अगं! मम्माची आहे ती!"

"कडक आहे. तीनदा धुतली की मऊ होईल. आतून ही, वरून डॅरिलकडचं हवा खेळणारं. आणि राख पडली तर आधी नळीने गाडी धुवायची, मग झाकायची. एक्केचाळीस वर्षं ऊस गाळलास, एवढं कळत नाही?"

"मोटरसायकलला लग्नातली चादर? मम्मा वरून शिव्या घालेल."

"घालू दे. जन्मभर पेटीत ठेवून तिने तरी काय मिळवलं?"

इल्डो वाद घालण्याच्या अवस्थेत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने डॅरिलकडून मऊ अस्तराचं कव्हर आणलं. डॅरिल शहाणा माणूस, त्याने काही विचारलं नाही, फक्त म्हणाला, "गालावर घासून बघायचंय?"

रविवारी रेंझो आला. काठी टेकत सरळ गाडीकडे. इल्डो पायरीवरच उभा राहिला. त्याला शाळेत काच फोडली होती तेव्हासारखं वाटत होतं. त्यालाच आपल्या भ्याडपणाची लाज वाटली, आणि तो खाली उतरून म्हणाला, "रेंझो, आधी ऐक. माझ्याकडून चूक झालीय."

त्याने वरचं कव्हर काढलं. चादर पाहून रेंझो थबकला. कोपऱ्यावरची अक्षरं त्याने अंगठ्याने चाचपली. "मम्माची? अरे, एकदा उन्हात ठेवली होती तेव्हा मी हिच्या घडीवर नुसता बसलो होतो तर तिने मला झाडूने मारलं होतं." मग चादर त्याने स्वतःच ओढली.

पुसलेल्या जागेपाशी तो वाकला. थरथरतं बोट त्याने तिथे टेकवलं.

"बरं झालं," तो म्हणाला.

"काय बरं झालं?"

"इथं माझा हात घसरला होता. चाळीस वर्षं दर रविवारी ती रेष बघून मला कसंतरी व्हायचं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. गेली ते उत्तम झालं."

ती रेष ओढली गेली तेव्हा दिवा इल्डोनेच धरला होता. रेंझोने श्वास रोखून, ब्रश एकदाही न उचलता, एका दमात ती ओढली होती. हात तेव्हा घसरला नव्हता. इल्डोने हे ओठांपर्यंत आणलं आणि परत गिळलं. भावावर आपलं इतकं प्रेम आहे हे त्याला आधी कधी जाणवलं नव्हतं.

"मलाही ती थोडी वाकडीच वाटायची," तो म्हणाला.

"वाटायची ना? मग बोलायचं नाही का, गाढवा!" रेंझोने काठी खांबाला टेकवली. "चल, काढ बाहेर. का हिलाही मम्माच्या चादरींसारखी पेटीत ठेवणार आहेस?"

"तू? मागे बसणार? शहात्तराव्या वर्षी?"

"पुढे बसू देशील तर पुढे बसतो."

ग्लेनिस वरून ओरडली, "सॉस गॅसवर आहे! आणि हेल्मेट घाला दोघं!"

मुख्य रस्त्यावर रविवारची सामसूम होती. जिथे बेकरी होती तिथे आता फोनचं दुकान आहे. तिथे रेंझोने इल्डोच्या पाठीवर थोपटलं. इल्डोने गाडी थांबवली, इंजिन मात्र चालू ठेवलं. गुझी उभी राहिली की अंगात आल्यासारखी हलते. आरसे हलतात, हँडल हलतं, बसणाऱ्याचे दात हलतात.

रेंझोने मागून हात पुढे आणला आणि टाकीवर, पुसलेल्या जागेवरच पसरून ठेवला. इल्डोने आपला हात शेजारी ठेवला. टाकी थरथरत होती, तिच्यावरचे दोन्ही हात थरथरत होते.

"बघ," रेंझो त्याच्या कानाशी ओरडला. "आता ओळख, यातला माझा कोणता!"

इल्डोला ओळखता आलं नाही. इंजिन बंद करायचा त्याला धीर झाला नाही. सॉस करपला तर करपला म्हणत त्याने गाडी वळवली आणि नदीकाठच्या लांबच्या रस्त्याने घरी निघाला.