मधमाशीचं माप

मास्तरांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. नजर अधू झाली तेव्हा दुकान सुनेच्या हवाली केलं आणि घरी बसले. गल्लीत त्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. बायकोही चारचौघांत त्यांना मास्तरच म्हणायची.

गच्चीवरच्या सहा कुंड्यांतल्या स्ट्रॉबेऱ्या मात्र तिच्या. रोपं तिने आणली, वाढवली तिने. मग ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण उमेद काही परत येईना. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई रोज सांगायच्या, एक पायरी तरी चढून बघा. ही भिंतीकडे तोंड फिरवायची. दिवसभरात ती आपणहून एवढंच विचारायची: "कुंड्यांचं काय?" कुंड्या गेल्या तर हा प्रश्नही जाईल, ही धास्ती मास्तरांनी मनात धरली होती.

त्यांनी जन्मात मातीत हात घातला नव्हता. पहिल्याच आठवड्यात पानांवर चकचकीत ओघळ दिसले आणि पिकत आलेली फळं आतून कोरलेली निघाली. गोगलगायी. मास्तरांनी कुंड्या विटांवर चढवल्या, कुजकी पानं काढली, फळांखाली कोरडं गवत अंथरलं आणि रोज सकाळी कुंडीचा तळ चाचपून एकेक गोगलगाय उचलली. त्या आटोक्यात येतात तोवर पक्षी आले. त्यांना भिववायला मास्तरांनी चमकत्या अस्तराच्या पट्ट्या दोरीला टांगल्या, तर पक्षी त्याच दोरीवर रांगेत बसले. "बाबा, त्यांना वाटलं आपला सत्कार आहे," सून म्हणाली.

ते मास्तरांना लागलं. दुकानातून बारीक जाळीचं कापड आणून त्यांनी सहाही कुंड्यांवर तंबू शिवला. दुहेरी शिवण, खाली वजनासाठी साखळी ओवलेली पट्टी. पाणी वरूनच झारीने. पुढचे तीन आठवडे पक्ष्यांची डाळ शिजली नाही. फुलं भरपूर आली. फळं धरली ती मात्र खडबडीत, एका अंगाने फुगलेली, दुसऱ्या अंगाने मिटलेली.

त्यातलं एक तळहातावर घेऊन मास्तर खाली आले. बायकोने चष्मा मागितला, फळ उलटसुलट फिरवलं.

"जाळी किती बारीक आहे?"

"मुंगी जायची नाही," मास्तर जरा ऐटीत म्हणाले.

"आणि मधमाशी?"

मास्तरांनी फळ परत हातात घेतलं.

"अहो, ती फुलावर फिरल्याशिवाय फळ धड होतं का? गावभर मापं घेत फिरलात, आणि जिला आत घ्यायचं तिचंच राहिलं."

गिऱ्हाईक हटून बसल्याशिवाय मास्तरांनी स्वतःची शिवण कधी उसवली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीत मरून पडलेली एक मधमाशी टेपवर ठेवली, भिंग लावून लांबी-रुंदी बघितली. मग तंबूच्या दोन बाजू उसवून तिथे मासे धरायच्या जुन्या जाळ्याचे तुकडे जोडले. भोकातून अंगठा जाई, पक्षी जात नसे.

संध्याकाळी त्यांनी वर्दी दिली की माश्या येऊ लागल्या.

"आत गेल्या, की वर बसून उडाल्या?"

मास्तरांनी खरं ते सांगितलं. गुणगुण ऐकू आली होती, दिसलं काही नव्हतं.

"मग तुमच्या साक्षीचा काय उपयोग?" ती म्हणाली. मग तिने छताकडे बघितलं. "उद्या त्या बाई आल्या की काठी द्या मला."

सकाळी तिने जिना धरला. पुढे बाई, मागे मास्तर. प्रत्येक पायरीवर ती थांबत होती आणि कुणी हात लावला की खेकसत होती. नवव्या पायरीवर तिचं डोकं गच्चीच्या जमिनीच्या वर आलं. कुंड्या हातभर लांब होत्या. तिथेच कठड्याला धरून, घाम पुसत, ती बघत उभी राहिली.

"गेली आत," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "डावीकडची शिवण वाकडी आलीय."

मास्तरांना माशीही दिसली नव्हती आणि शिवणही. "आलीय खरी," ते म्हणाले.