दुहेरी गाठ

कार्ल्याच्या बाजारात काथ्याच्या नव्या दाव्यांचा वास आला, आणि मागोमाग ओल्या शेणाचा, हळदीचा.

कित्येक वर्षांपूर्वी चक्रीवादळ ओसरल्यावर आम्ही गावातली जखमी जनावरं शाळेच्या पडवीत आणून जखमांत हळद भरत होतो. शेजारच्या आबांच्या गोठ्याची भिंत कोसळली होती. गाय खुंट्यापाशीच मेलेली, दावं मानेत रुतलेलं. मी विळ्यानं ते कापलं.

“सुटी असती तर पळाली असती रं,” आबा म्हणाले. “तू सांगितलंस म्हनून दोन गाठी मारल्या.”

वादळाच्या आदल्या दिवशी मीच घरोघर बजावत फिरलो होतो, जनावरं घट्ट बांधा.

तेव्हा वाटलं, आबा मला दोष देताहेत. आता वाटतं, त्यांनी माझं ऐकलं होतं, एवढंच ते सांगत होते. दोष दिला असता तर बरं झालं असतं.