होळीच्या दिवशी स्लॅब

मंडळी, आज नंदुरबारला साइट इंजिनिअरांच्या प्रशिक्षणात शिकवून आलो. वय ऐंशीच्या पुढे गेलंय, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

मुलांना एका पुलाचं वेळापत्रक मांडायला दिलं. डोंगरातल्या काठी गावच्या एका पोराने संगणकावर झकास तक्ता केला. फक्त स्लॅब ओतायचा दिवस नेमका होळीचा!

साठच्या दशकात मी खांडबाऱ्याजवळ एका पुलावर उमेदवारी करत होतो. आमचे ओव्हरसियर कोरा कागद पुढे ठेवून सांगायचे, "पयले होळी मांड, मंग पूल." होळीला मजूर डोंगरात आपापल्या गावी जाणारच, आणि स्लॅब अर्धा ओतून सोडता येत नाही.

मी पोराला विचारलं, "या दिवशी साइटवर कोण असेल?"

"सगळे, सर."

"आणि तू?"

तो एकदम हसायलाच लागला. "मी काठीला, सर. कमरेला घुंगरू बांधून नाचत असेन."

अख्खा वर्ग हसला. त्याने तिथल्या तिथे स्लॅब पुढे ढकलला आणि होळीच्या रकान्यात लिहिलं, 'सगळे काठीला. सरपण.'

'सर' आणि 'पण' जोडून लिहिल्याने मी होळीचं सरपण झालो, तरी मी जाणार. तुमच्याकडे कामाच्या आधी कोणता दिवस मांडतात?