गंगेवरचे कोट

ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भात घेऊन येतात आणि पिठल्याबरोबर एकेक किस्साही आणतात. भांडी घासून परत जातात, किस्से घरातच राहतात. माझ्या दादाला जाऊन अजून महिना व्हायचाय, पण आमच्या ओसरीवर इतके किस्से जमलेत की आता पाय ठेवायला जागा नाही. आणि सगळे एकाच गोष्टीचे. दादाचे कपडे!

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ दत्तू. आम्ही दोघंही तांबट आळीतल्या एका भांड्यांच्या कारखान्यात कामाला. दिवसभर पितळेवर ठोके घालायचे. संध्याकाळी दादा काळे झालेले हात राखेनं घासायचा, कोट चढवायचा आणि मेन रोडवरून असा चालायचा की दुकानदार गादीवरून उठून म्हणायचे, "या साहेब!" मजुरी मात्र माझ्याएवढीच.

तो गेला त्या दिवसापासून आईचं आणि माझं एकाच गोष्टीवरून वाजत होतं. दादाचा एक करडा कोट होता, अगदी कोरा. रीतीप्रमाणे गेलेल्या माणसाचे कपडे तेराव्याला गंगेवर दान द्यायचे. आई म्हणे, सगळे द्यायचे. मी म्हणे, हा एक नाही.

"न घातलेल्या कपड्यात जीव अडकतो, गण्या," आई म्हणायची.

"अडकू दे!" मी ओरडायचो. "घरातच अडकेल ना? मग बरंच आहे!"

त्या कोटाचं सांगतोच. पण आधी बाकीचे कोट.

*

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. पार मुंबईहून लोक आपल्या माणसाच्या अस्थी घेऊन इथं येतात आणि त्याचे कपडे भटजींना देऊन जातात. चांगले लोकरीचे कोट असतात. भटजींनी एवढे कोट घालायचे तरी कधी? ते बोहारणीला देतात आणि बदल्यात पातेलं नाहीतर तांब्या घेतात. बोहारीण तेच कोट बुधवारच्या बाजारात गंगेकाठी चादरीवर मांडते. लोक लांबूनच जातात. मेलेल्याचे कपडे कोण घेणार?

दादा घ्यायचा.

त्याची बोहारीण ठरलेली, चंपाबाई. तिचं वय पन्नाशीचं, आवाज घाटाच्या या टोकाचा त्या टोकाला ऐकू जाणारा. दादा आधी कोट उन्हात धरायचा, कसरीची भोकं दिसतात का ते बघायला. मग अंगात घालून दोन्ही हात वर करायचा. मला म्हणायचा, "खांदा बघायचा, गण्या. खांदा बसला तर बाकीचं सगळं बसवता येतं. खांदाच नाही बसला तर फुकट मिळाला तरी सोडून द्यायचा."

मग भाव सुरू.

"बॅरिस्टरचा कोट आहे, दत्तू. दीड रुपयाच्या खाली हात लावू नकोस," चंपाबाई म्हणाली.

"एवढा मोठा बॅरिस्टर, मग केस हरला कसा?"

"कुठली केस?"

"मेला की!"

चंपाबाईनं हातातला तांब्या त्याच्यावर उगारला. पण हसता हसता कोट बारा आण्याला दिला.

*

घेतलेला कोट जायचा दूधबाजारात, गफूरचाचांच्या दुकानात. गफूरचाचा शिंपी. दादा, मी आणि सायकलच्या दुकानात पंक्चर काढणारा वामन, आमचा अड्डा तिथंच.

बॅरिस्टर चांगला दोन माणसांचा ऐवज असणार. दादानं कोट घातला तेव्हा आत हवा खेळायला लागली. चाचांनी टेप गळ्यात अडकवली, दादाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "बेटा, यात तुझा कोट निघेल, या गण्याची बंडी निघेल, आणि उरला तर बॅरिस्टर पण निघेल!"

शिलाई उसवायला घेतली तर आतल्या खिशात सुपारीचं खांड सापडलं. आम्ही बघतोय तोवर दादानं ते तोंडात टाकलं.

"तोबा तोबा!" चाचा उठून उभेच राहिले. "मेलेल्या माणसाची सुपारी खाल्लीस?"

दादा चावत म्हणाला, "सुपारी कुठं मेली होती?"

परवा चाचा आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी हाच किस्सा सांगायला घेतला. सुपारीपर्यंत आले आणि पुढे त्यांना बोलता येईना. मग मीच शेवट केला. कोणी हसलं नाही.

*

विलायती कपड्यांची होळी करायचे ते दिवस. मेन रोडवर मिरवणूक आली. पुढे गांधी टोप्या, मागे हातगाडीवर कपड्यांचा ढीग. आम्ही तिघं नेमके समोर सापडलो. दादाच्या अंगावर बॅरिस्टर!

"कोट विलायती आहे. काढा!" एक दांडगा पोरगा दादाच्या अंगावर आला. दादाच्या दंडाला हात घातलेला बघून माझं डोकं फिरलं आणि मी त्या पोराची कॉलर धरली. दादानं मला मागे ओढलं.

"काढतो ना," तो शांतपणे म्हणाला. बटणं सोडायला लागला. "फक्त एक विचारू? हा कोट ज्याचा, त्याला गंगेवर पोचवून झालंय. एका माणसाला दोनदा अग्नी देतात का तुमच्यात?"

पोरानं हात असा काढून घेतला जणू चटका बसला! मिरवणूक बाजूनं निघून गेली. एकानं जाता जाता दादाला नमस्कारसुद्धा केला.

त्या दिवसापासून वामन त्याला "स्वर्गवासी" म्हणायला लागला. "काय स्वर्गवासी, चहा घेणार?" सगळी आळी म्हणायची. आता कोणी म्हणत नाही.

*

वामनला मनमाडला मुलगी बघायला जायचं होतं. मुलीचे वडील रेल्वेत. वामनकडे धड कोट नाही. दादानं आपला काळा सर्जचा कोट दिला. "खांद्यात तुला थोडा आवळेल. हात वर करू नकोस म्हणजे झालं."

बैठक छान जमली. मुलीची आई पोहे घेऊन आली आणि वामनसमोर बशी धरून थांबली ती थांबलीच.

"हा कोट कुठला तुमचा?"

"मुंबईला शिवून घेतला," वामननं फुशारकी मारली.

बाईंनी बशी खाली ठेवली. पुढे होऊन कॉलर उलटी केली. आत लाल दोऱ्याचा एक वाकडा टाका होता. "हा टाका माझा," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाचा कोट आहे हा." आणि तिथंच बसून रडायला लागल्या. त्यांचं बघून मुलगी रडायला लागली. मुलगी रडली म्हणून वामनही रडला!

निघताना मुलीचे वडील दारापर्यंत आले. वामनच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मुलीचं आम्ही सावकाश कळवू. कोट तेवढा ठेवून जा."

पौषातल्या थंडीत वामन नुसत्या सदऱ्यावर परत आला. स्टेशनवरून थेट चाचांच्या दुकानात. दात वाजत होते. दादा हसून हसून खाली बसला. पण घरी येताना पुलावर मला म्हणाला, "मी मुलगी बघायला जाईन ना, तेव्हा कोरा कोट घालीन. कोणाचा टाका नको त्यात."

*

तो हा करडा कोट.

गिरणीच्या कापडाच्या दुकानात ताग्याचं शेवटचं टोक पडलेलं असतं, ते स्वस्तात मिळतं. दादानं दोन महिने दुकानांच्या फेऱ्या मारून तसा तुकडा मिळवला. कापड थोडं कमी पडत होतं. चाचांनी कॉलरच्या आतून दुसरं लावलं आणि अंगचं सगळं एकाच कापडात बसवलं. दादाचं माप त्यांनी पहिल्यांदाच घेतलं. आजवर नेहमी दुसऱ्याचं माप दादावर आणायचं असायचं.

सिन्नरची मुलगी होती. दिवाळीनंतर जायचं ठरलं होतं.

दसऱ्याच्या सुमारास दादाला ताप भरला. साधा ताप म्हणता म्हणता डॉक्टर विषमज्वर म्हणाले. कोट तयार झाला तेव्हा तो अंथरुणातून उठतसुद्धा नव्हता. चाचा कोट घेऊन घरी आले. त्यांनी यायला नको होतं, असं मला तेव्हा वाटलं.

"घालून बघू दे," दादा म्हणाला. आई नको नको म्हणत होती. आम्ही दोघांनी धरून त्याला बसवला, एकेक हात बाहीत घातला. कोट खांद्यावरून घसरला. बाहीत हात आहे की नाही ते कळेना. दादानं सवयीनं हात वर करून बघायचा प्रयत्न केला, अर्ध्यावरच राहिला.

"चाचा," तो म्हणाला, "ढिला झाला की हो!"

चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाला कोणी असं म्हटलं असतं तर त्यानं कात्री फेकून मारली असती. चाचांनी मान खाली घातली.

"हो रे, बेटा. माझंच माप चुकलं. दे, आत घेऊन आणतो."

त्यांनी कोट नेला. एक टाकाही उसवला नाही. खुंटीवर लावून ठेवला. मला म्हणाले, "बरा होईल तेव्हा बरोबर बसेल. तोवर हात लावायचा नाही."

*

दहावा रामकुंडावर. पिंड ठेवला आणि सगळे मागे सरलो. कावळे भिंतीवर ओळीनं बसलेले. एकही खाली येईना.

"काहीतरी राहिलंय त्याचं," मामा म्हणाला. "गण्या, बोल."

मी हात जोडले. "आईला अंतर देणार नाही."

कावळे ढिम्म.

"दत्तू, मी लग्न करतो रे बाबा," वामन पुढे होऊन म्हणाला. "मनमाडचीच करतो! आता तरी ये!"

कावळे ढिम्म. ऊन चढलं. चाचा वरच्या पायरीवर लांब उभे होते, त्यांनीही हात उचलून काहीतरी पुटपुटून पाहिलं. भटजी दुसऱ्या कुटुंबाकडे बघायला लागले. मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तुला ठाऊक आहे काय राहिलंय ते."

ठाऊक होतंच. मी दात आवळून उभा राहिलो. मग काय झालं कोण जाणे, मी खाली वाकून दगड उचलला आणि भिंतीवर भिरकावला. सगळे कावळे ओरडत उडाले. मामानं माझा हात धरला.

"घे!" मी वर बघून बोंबललो. "घे तुझा कोट! देतो! सगळं देतो, जा!"

घाटावरचे सगळे लोक माझ्याकडे बघायला लागले. आणि उडालेल्यातला एक कावळा वळला, सरळ खाली आला आणि पिंडावर बसला.

"शिवला!" मामा ओरडला.

वामन डोळे पुसत म्हणाला, "शेवटपर्यंत कपड्याचीच हौस!" आम्ही सगळे हसायला लागलो. हसता हसता कोण कधी रडायला लागलं ते कळलं नाही.

तेराव्याला चाचांच्या खुंटीवरचा कोट दिला. आईनं घडी घातली, मी नेला. भटजींनी कापडावरून हात फिरवला. मी मागे न बघता पायऱ्या चढलो.

*

पण दोन दिवसांनी माझ्या डोक्यात आलं. दान दिलेलं परत मागता येत नाही. बाजारात मांडलेलं विकत घ्यायला कोणाची बंदी आहे? बुधवारी आठवड्याची मजुरी रुमालात बांधली आणि आईला न सांगता घाटावर गेलो.

चंपाबाई चादर पसरून बसली होती. मी कोट उचकायला लागलो. काळा, तपकिरी, चौकड्यांचा. करडा नव्हता. पुन्हा सगळे उलटेपालटे केले. गेला! कोणीतरी नेला!

"ए धाकट्या, काय उकरतोस?" चंपाबाई ओरडली. "तुझ्या मापाचं त्यात काही नाही. दत्तू कुठाय? किती बाजार झाले, फिरकलाच नाही. रुसलाय का माझ्यावर?"

मी तोंड उघडलं. पण ती बोलतच सुटली होती.

"बरं झालं तू आलास," म्हणत ती मागे वळली. गाठोड्याखालून एक जुनं लुगडं ओढलं, ते उलगडलं. आत करडा कोट होता.

"परवा गंगेवरून आला. आला तसा बाजूला काढून ठेवला, चादरीवर मांडला पण नाही. पिंपळगावचा एक बागायतदार हटून बसला होता, दिला नाही. म्हटलं, हा दत्तूचाच. खांदे बघ रे, खांदे! इतकी वर्षं त्याला कोट देतेय, पण असा अंगाबरोबर बसणारा एकदाही आला नव्हता हाती."

तिनं कोट माझ्या हातावर ठेवला. मी रुमालाची गाठ सोडायला लागलो.

चंपाबाईनं माझा हात झिडकारला.

"तुझ्याकडून नाही घ्यायचे मी पैसे. त्यालाच पाठव. भांडल्याशिवाय दिला तर मला चैन पडायची नाही!"