जगनभाऊंचं इंजिन उघडलं तेव्हा

जगनभाऊंची आणि माझी पहिली ओळख मोटारसायकलची रेस सुटण्याच्या रेषेवर झाली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मनमाडच्या रेल्वे क्वार्टर्समधून आलेला मी अगदी नवखा. गाडी थोरल्या भावाची, हेल्मेट मित्राचं. शेजारच्या गाडीवरचे गृहस्थ हातमोजे काढून खाली उतरले, माझ्या हनुवटीखालचा पट्टा ओढून पाहिला आणि म्हणाले, "असा सैल ठेवला तर पडल्यावर हेल्मेट एकीकडं नि डोकं एकीकडं जाईल." पट्टा नीट बांधून दिला, पुन्हा गाडीवर बसले आणि मला अर्ध्या फेरीनं हरवलं. त्या दिवशी मला राग आला तो हरल्याचा की त्या उपकाराचा, हे माझं अजून ठरलेलं नाही.

पुढची दहा-बारा वर्षं नाशिकच्या आसपासच्या प्रत्येक मातीच्या ट्रॅकवर आम्ही दोघं एकमेकांच्या पुढे-मागे होतो. भाऊ मूळचे सटाण्याचे. गंगापूर रोडला त्यांचं गॅरेज. ट्रॅकवर ते कुणाला फुकट पुढे जाऊ देत नसत, पण कुणाला आडवेही जात नसत. वळणावर मी आतून घुसलो तर एका गाडीपुरती जागा हमखास मिळायची. तेवढीच मिळायची, वीतभरही जास्त नाही.

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला भाऊंच्या खिलाडूवृत्तीवर लिहायला सांगितलं. ती मला जितकी ठाऊक आहे तितकी दुसऱ्या कुणाला नसेल. मात्र त्याचं कारण माझ्यासाठी अभिमानाचं नाही.

एका हंगामाच्या शेवटच्या रेसपर्यंत आम्ही दोघं बरोबरीत होतो. जिंकेल त्याला एका कंपनीच्या संघात वर्षभराच्या कराराची जागा मिळणार होती. भाऊ जिंकले. शेवटच्या तीन फेऱ्या मी त्यांच्या मागच्या चाकाला चिकटून होतो, आणि प्रत्येक चढावर त्यांची गाडी माझ्यापुढून निसटायची. दोन्ही गाड्या एकाच मापाच्या, मग असं होईलच कसं? सिलिंडर नियमापेक्षा मोठा करून घेतला असणार, असं माझ्या डोक्यानं घेतलं. मी पंचांकडे लेखी तक्रार दिली. तक्रार करणाऱ्याचं नाव पंच सांगत नसत, याचा मला तेव्हा मोठा आधार वाटला होता.

तासाभरात सगळ्यांसमोर भाऊंचं इंजिन उघडलं. पान्हे त्यांनी स्वतःच काढून दिले. मापं घेतली, गाडी नियमात होती. फरक होता तो वेगळ्याच ठिकाणी. सिलिंडरमधून धूर बाहेर पडायची वाट भाऊंनी पॉलिश पेपरनं घासून घासून गुळगुळीत केली होती. नियमांत त्याला मुभा होती, फक्त तेवढी चिकाटी आमच्यापैकी कुणात नव्हती. कित्येक महिन्यांची ती मेहनत आता सगळ्यांसमोर उघडी पडली होती. दुसऱ्या कुणी घाईघाईनं वर फडकं टाकलं असतं. भाऊंनी मला हाक मारली. "ये रे, बोट फिरवून बघ. उघडलंच हाय तर लपवायचं काय?" मी बोट फिरवलं. कुठे किती घासायचं, कुठे हात आवरायचा, हे त्यांनी मला तिथल्या तिथे समजावून सांगितलं. मी नुसती मान डोलावत राहिलो.

पुढच्या हंगामात मी माझं इंजिन तसंच घासलं आणि भाऊंना हरवलं. कंपनीतली त्यांची जागा मला मिळाली. "आज गाडी लय भारी वढत होती," म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली आणि ते आपल्या गॅरेजवर परतले. करार दरवर्षी वाढत गेला, त्या जागेवर मी पाच वर्षं काढली. पुढे दोन हजारनंतर माझा पाय मोडला, तेव्हा रोज डबा घेऊन दवाखान्यात येणारेही तेच. त्यांच्या वाट्याला मात्र एक कुजबुज आली. "त्यांचं इंजिन उघडलं होतं म्हणे," असं लोक वर्षानुवर्षं बोलत राहिले. ते साफ निघालं, हे सांगायला कुणी थांबत नसे. मीही थांबलो नाही, याची मला आज लाज वाटते.

हे त्यांना पहिल्यांदा छापील वाचूनच कळू नये म्हणून गेल्या महिन्यात गॅरेजवर गेलो. भाऊ कार्बोरेटर साफ करत होते. मी म्हणालो, "भाऊ, ती तक्रार माझी होती."

त्यांनी मान वर केली नाही. "माले माहीत शे," आपल्या अहिराणीत म्हणाले.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. माझी गाडी चढावर निसटताना इतक्या जवळून बघणारं दुसरं होतं कोण? बाकीचे लय मागं होते."

"मग मलाच बोलावून का दाखवलंत?"

"शंका तुला आली होती. खात्री पण तुझीच व्हायला पाहिजे ना."

कार्बोरेटर जागेवर बसवून झाल्यावर म्हणाले, "लिहायचं तर लिही. पण गाडी नियमात होती, तेवढं लिहायला विसरू नको."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. म्हणून सर्व वाचकांसमोर लिहितो: त्या दिवशी जगनभाऊंची गाडी पूर्णपणे नियमात होती, आणि तक्रार करणारा मी होतो.

भाऊ, आज तुम्हाला साठ वर्षं पूर्ण होत आहेत. मला माफ करा. ती कुजबुज ज्यांच्या ज्यांच्या कानावर गेली, त्या प्रत्येकाला गाठून मला हे तोंडानं सांगायचं आहे. माणसं पुष्कळ आहेत, वर्षं लागतील. तोवर, आणि त्यानंतरही खूप वर्षं, तुम्ही असेच धडधाकट राहा.