गच्चीवरच्या जर्स्या

मला फुटबॉल आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून मला तो आवडतो असा कुणाचा गैरसमज होईल. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी एका क्लबच्या जर्स्या धुतल्या, वाळवल्या, उसवलेल्या बाह्या शिवल्या, पण ऑफसाइड म्हणजे काय ते मला आजही कळत नाही. आमचे हे त्या क्लबचे सेक्रेटरी. एकदा त्यांनी ओट्यावर डब्यांची झाकणं मांडून, ती इकडून तिकडे सरकवून मला ऑफसाइड समजावलं होतं. मी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, झाकणं उचलून डब्यांवर लावली आणि कणीक मळायला घेतली.

क्लब आमच्या वस्तीचा. सक्करदऱ्याला तलावाच्या अलीकडे, विहाराच्या मागे जी घरं आहेत, त्यांचा. माझ्या सासऱ्यांनी आणि त्यांच्यासोबत मिलमध्ये काम करणाऱ्यांनी तो काढला. जर्स्या घ्यायची कुणाची ऐपत नव्हती. मग प्रत्येकानं घरून एक पांढरी बनियान आणली, आणि सासूबाईंनी अंगणातल्या चुलीवर पातेल्यासारखा मोठा गंज चढवून सगळ्या एकदम निळ्या रंगवल्या. निळ्याच का, हे आमच्या वस्तीत कुणी विचारत नाही. रंग मात्र कच्चा निघाला. पहिल्या मॅचहून सगळी टीम परतली ती गळ्यापासून कमरेपर्यंत निळी होऊन, आणि सासूबाईंनी घरोघरच्या बायकांची बोलणी खाल्ली. पण तेव्हापासून क्लबचे कपडे आमच्याच घरी राहू लागले. सासूबाईंनी मला दोन वस्तू दिल्या, पाटल्या आणि ही जर्स्यांची पत्र्याची पेटी. पाटल्या मुलीच्या लग्नात गेल्या. पेटी राहिली.

क्लबानं काही फार दिवे लावले असं नाही. शहराच्या लीगमध्ये आम्ही कायम खालच्या डिव्हिजनमध्ये. कामठीकडची एखादी टीम समोर असली की आमच्या लोकांना मॅचच्या आधीच घाम फुटायचा. खेळणारे तरी कोण, तर एक रेल्वेत, एक कळमन्याच्या मंडईत हमाल, एक बँकेत शिपाई, एक शिंपी. शिंपी डावीकडून फार छान पळायचा म्हणे. शिवायला टाकलेला ब्लाउज मात्र कधी वेळेवर द्यायचा नाही.

आता गच्चीचं सांगते. पेटीत डांबराच्या गोळ्या असायच्या, त्यामुळे जर्स्यांना वास यायचा. म्हणून मॅचच्या आदल्या दिवशी मी त्या बाहेर काढून पाण्यातून काढायची आणि गच्चीच्या कठड्यावर ओळीनं वाळत घालायची. आमची गच्ची तलावाकडच्या रस्त्यावरून सरळ दिसते. फोन तेव्हा कुणाच्याच घरी नव्हते. ड्युटीवरून परतणारा माणूस सायकलवरून मान वर करून बघायचा. कठड्यावर निळं दिसलं की उद्या मॅच. त्याला वेगळा निरोप लागायचा नाही. सकाळी सगळे बूट घेऊन आमच्या दारात यायचे आणि मी ज्याची त्याच्या हातात जर्सी द्यायची. पहिली गोलकीपरची. आमच्याकडे त्याला गोली म्हणतात. सासूबाईंचा तसा नियम होता, गोलीच्या हातात जर्सी पडल्याशिवाय दुसऱ्यानं हात पुढे करायचा नाही. पुढे घरोघरी फोन आले, मग खिशात आले, पण आमची रीत तीच राहिली. ‘गच्ची पाहून घेजा,’ एवढंच हे सगळ्यांना सांगायचे.

मॅच मी क्वचितच पाहिली. गरजही नव्हती. संध्याकाळी जर्स्यांचा ढीग मोरीत पडला की कोण पळालं आणि कोण नुसतंच उभं होतं ते मला दिसायचं. मैदानाची काळी माती, ती साबणाला दाद देत नाही. आमचा गोली कायम उजव्या अंगावर पडायचा. त्याच्या जर्सीची उजवी बाजू घासून घासून फिकी झाली होती, डावी नव्यासारखी.

एका वर्षी मात्र आमचं नशीब फळफळलं. कसं कोण जाणे, आम्ही जिंकतच सुटलो. शेवटची मॅच नुसती बरोबरीत सुटली असती तरी आम्ही वरच्या डिव्हिजनमध्ये गेलो असतो. वस्तीतले म्हातारेकोतारे सगळे मैदानावर. मीही गेले, स्वयंपाक अर्धा टाकून. मॅच संपता संपता बॉल गोलीच्या डावीकडून जमिनीलगत आत गेला. तो जागचा हललासुद्धा नाही. उजवीकडे झुकून उभा होता, तसाच राहिला. संध्याकाळी जर्सी द्यायला तो सगळ्यात शेवटी आला. मान खाली. म्हणाला, “अर्धीच धुवा, वहिनी. अर्धी त मळलीच नाही.” मी ती जर्सी पूर्ण धुतली.

त्यानंतर आम्ही कधी वर गेलो नाही. मिल तर आधीच बंद पडली होती. पोरं पुण्याला गेली, हैदराबादला गेली, जी राहिली ती बुटीबोरीच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये अडकली. मैदानाच्या पलीकडे आता जाळी लावलेलं, हिरवं प्लास्टिक अंथरलेलं मैदान झालंय. तिथं पोरं तासाच्या हिशेबानं खेळतात, अंगात विलायतेतल्या कुठल्यातरी क्लबच्या जर्स्या. त्या क्लबचं कोण आजारी, कोण सोडून गेलं, सगळं त्यांना पाठ असतं. शेजारच्या गल्लीत एक क्लब आहे हे त्यांच्या गावीही नाही. राग येतो मला. मग वाटतं, आपणही कुठं मोठे फुटबॉलचे भक्त होतो.

हे गेले, त्यालाही आता काही वर्षं झाली. माणसं पोहोचवायला खूप आली, क्लबची सगळी होती. नंतर काही दिवस कोणी ना कोणी डोकवायचं. मग येणं कमी झालं. माझी कुणाबद्दल तक्रार नाही, ज्याला त्याला आपले व्याप आहेत. पण घर फार मोठं झालं. पूर्वी ज्या मोरीत पाय ठेवायला जागा नसायची, तिथं आता माझी एक साडी आणि एक टॉवेल. मशीन मुलीनं घेऊन दिलं आहे. ते भरण्याइतके कपडे जमेपर्यंत आठवडा जातो. भांड्यांचा आवाज होतो तेवढाच घरात आवाज. एकटं वाटतं का, असं मुलगी पुण्याहून फोनवर विचारते. मी नाही म्हणते. वाटतं, फार वाटतं, पण ते फोनवर सांगून काय होणार?

यंदा पावसाळा संपता संपता लीगच्या ऑफिसातून फोन आला. नवा मुलगा होता कुणीतरी, बोलायला नम्र. तुमची टीम दोन वर्षं मैदानावर आली नाही, समोरच्यांना वॉकओव्हर द्यावे लागले. यंदा टीम देता की क्लबचं नाव काढायचं?

क्लबात विचारण्यासारखं कुणी उरलं नव्हतं. मी म्हटलं, “काढा.”

एवढा छोटा शब्द. फोन ठेवल्यावर मला यांच्या फोटोकडे बघवेना, म्हणून मी बाहेर जाऊन झाडांना पाणी घातलं. पाऊस नुकताच होऊन गेला होता.

मग म्हटलं, आता पेटी तरी कशाला ठेवायची? बेसा रोडकडच्या एका शाळेतले पीटीचे सर ओळखीचे. त्यांना विचारलं, जर्स्या आहेत, जुन्या आहेत पण धडक्या आहेत, मुलांना चालतील का? ते खूश झाले. रविवारी संध्याकाळी येऊन नेतो म्हणाले. शनिवारी मी पेटी उघडली. पावसाळ्याची दमट हवा आत शिरून जर्स्यांना बुरशीचा वास येत होता. अशा कशा द्यायच्या कुणाला? धुवायला घेतल्या. मशीनमध्ये नाही टाकल्या, मोरीत बसून हातानं धुतल्या, गुडघे बोंबलत होते तरी. आणि गच्चीवर कठड्यावर ओळीनं वाळत घातल्या. दुसरीकडे घालायचं सुचलंच नाही, हात आपोआप तिकडे गेले. ऑक्टोबरचं कडक ऊन. संध्याकाळपर्यंत चांगल्या खडखडीत वाळल्या. पण काढायला वर गेले तर ती निळी ओळ बघून काढवेना. राहू दे आजची रात्र, म्हटलं, आणि खाली आले.

रविवारी सकाळी मी चहा टाकत होते, तर दारात ऑटो थांबल्याचा आवाज झाला. बघते तर आमचा गोली. खाकी शर्ट, डोक्याचे केस गेलेले, पोट सुटलेलं, आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत बूट.

“कोणासंग आहे मॅच, वहिनी?”

मला आधी कळेचना. मग गच्चीवरची निळी ओळ आठवली.

“काल सवारी सोडून घरी जाऊन राहिलो होतो,” तो सांगत होता, “त गच्चीवर जर्स्या दिसल्या. म्या म्हटलं, आपल्याले कोणी कळवलं काहून नाही? मग म्हटलं, आपल्यात कळवते कुठं कोणी!” तो हसला. मग माझ्या मागे घरात डोकावून म्हणाला, “बाकीचे कुठं आहेत? मीच आधी आलो का?”

बाकीचे आलेच नव्हते. तेवढ्या रस्त्यावरून, तेवढ्या गच्चीकडे, एवढ्या वस्तीतून एकानंच मान वर करून पाहिलं होतं. मी त्याला बसवलं, चहा दिला. खोटं बोलायचं अगदी जिभेवर आलं होतं. मॅच पुढे ढकलली म्हणावं, आणि हा आनंदानं घरी जाईल. पण हातात बूट घेऊन आलेल्या माणसाशी खोटं कसं बोलायचं?

“मॅच नाही आहे गा, भाऊ,” मी म्हटलं. “शाळेले देऊन राहिली जर्स्या, म्हणून धुतल्या. क्लबचं नाव काढलं लीगमधून.”

“कोणं काढलं?”

“मीच म्हटलं, काढा.”

त्यानं कप खाली ठेवला. रागावेल असं वाटलं, रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता बुटांच्या पिशवीकडे बघत बसला. बुटांना नवीन नाड्या होत्या. त्या चाचपत म्हणाला, “टीम कुठून आणली असती तुमी तरी.” मग उठला. दारापर्यंत गेला आणि सवयीनं की काय, वळून त्यानं हात पुढे केला.

“आलोच आहे त माही जर्सी द्या.”

मी वर जाऊन एक नंबरची काढून आणली. त्याच्या हातात दिली. मागे दुसरा कोणी हात पुढे करायला नव्हता. खाकी शर्ट काढून त्यानं ती तिथंच ओसरीत घातली, पोटावर ताणली गेली तरी घातली, आणि ऑटो घेऊन निघून गेला. मी बाकीच्या जर्स्या काढल्या, घड्या घालून पेटीत ठेवल्या. खरं सांगते, घड्या घालताना रडले. हे गेले तेव्हा लोक होते भोवती, तेव्हा इतकं रडता आलं नव्हतं.

दुपारी उन्हं कलली तसा ऑटो पुन्हा दारात. तो लंगडत उतरला. कोपर सोललेलं, कपाळावर माती.

“हे काय करून आले?” मी ओरडलेच. “या वयात पडून हाड मोडलं म्हणजे?”

“मैदानावर पोट्टे खेळून राहिले होते. म्हटलं, मले उभं करा गोलमध्ये. हसले आधी.” जर्सी त्यानं काढून आणली होती, ती माझ्या हातात दिली. “आज पुरी धुवा लागन, वहिनी.”

मी जर्सी उलगडली. उजवी बाजू मळली होती, ती नेहमीसारखीच. पण डावी खांद्यापासून खालपर्यंत काळीशार झाली होती. एकदा पडून एवढी माती लागत नाही. हा माणूस दुपारभर त्याच अंगावर पडत राहिला होता. मी वर पाहिलं. तो ऑटोच्या आरशात बघून कपाळ पुसत होता, माझ्याकडे बघायचं टाळत होता. पाणी तरी घ्या म्हटलं, तर सवारी आहे म्हणाला आणि गेला.

मोरीत बसून मी ती माती घासत होते, तेवढ्यात पीटीच्या सरांचा फोन. निघू का, म्हणाले.

“आज नका येऊ,” मी म्हटलं. “एक जर्सी ओली आहे.”

“एक नसली तरी चालेल हो, बाकीच्या घेऊन जातो.”

“नाही, सर,” मी म्हटलं, “गोलीशिवाय टीम होत नाही.”

एवढा फुटबॉल मला कळतो.