दुधनीचा काटा आणि ‘बंतु’

जुळे सोलापुरातल्या आमच्या ऑफिसातून बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, जातात, किस्से मात्र मुक्कामाला राहतात. दूध संकलनाच्या काट्याला जोडायचा एक डबा आम्ही बनवतो. वजन घ्यायचं, स्क्रीनवर दाखवायचं, सेंटरला पाठवायचं, एवढंच त्याचं काम. प्रोग्राम रस्ट भाषेतला. पहिला डबा बसवला आमच्या शिवानंदच्या गावी, दुधनीला.

*

रस्टचा कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं तपासून प्रोग्राम बनवणारा, लई कडक. जरा चुकलं की प्रोग्राम बनवूनच देत नाही, वर कसं लिहायचं तेही सुनावतो. आमच्यातल्या रुकय्यानं त्याचं नाव आत्या ठेवलंय. "बोलती बहोत, पर सही बोलती."

*

एवढी आत्या असूनही डबा दुधनीत दगा द्यायचा. दूध ओतलं की मधेच रीस्टार्ट, वजन गायब. रोज सकाळी भांडणं. तिथल्या डेअरीचे मॅनेजर म्हणाले, "सोमवारपर्यंत पक्कं करा, नाहीतर काढून न्या." शिवानंदचे वडील त्याच रांगेत असतात. तो म्हणाला, "डबा परत आला तर मी गावात तोंड कसं दाखवू?"

*

मी डिबगर लावला. चालता प्रोग्राम थांबवून आत डोकवायचं ते हत्यार. थांबवला की डबा रीस्टार्ट! बग सापडला म्हणून मी सगळ्यांना चहा सांगितला. दुपार गेल्यावर कळलं, प्रोग्राम गप्प झाला की डब्यानं रीस्टार्ट व्हावं, ही सोय मीच घातली होती. चहाचे पैसे मीच दिले.

*

मग राहिला जुना उपाय, जागोजागी प्रिंट टाकायचे, म्हणजे प्रोग्राम तिथं पोचला की स्क्रीनवर एक शब्द उमटतो. आमच्यात प्रत्येकाचा प्रिंट ठरलेला. माझा ‘हितं’. शिवानंदच्या घरी कन्नड, त्याचा ‘बंतु’, म्हणजे आलं. वजन आलं की स्क्रीनवर बंतु. तो टाकला आणि बगच पळाला. काढला की हजर. प्रिंटमुळं प्रोग्राम जरा हळू चालायचा आणि चूक टळायची.

तात्पुरता तो बंतुवालाच प्रोग्राम दुधनीला पाठवला. भांडणं थांबली, पण चूक आत तशीच होती, म्हणून आमच्या जिवाला घोर.

*

शेवटी रुकय्या म्हणाली, "जिथं आत्याला गप्प बसवलंय तिथंच बघा की." रस्टमध्ये ‘अनसेफ’ लिहिलं की तेवढ्या ओळींची जबाबदारी आपली. असा तुकडा एकच होता, काट्यावरून वजन वाचायचा. लिहिणारा शिवानंद. एकीकडे वजन लिहिलं जात होतं, त्याच क्षणी दुसरीकडे तेच अर्धवट वाचलं जात होतं.

दुरुस्त केलं, प्रिंट काढला, दिवसभर काट्यावर बादल्या ठेवून बघितलं. एकदाही रीस्टार्ट नाही. तोच प्रोग्राम दुधनीला पाठवून दिला. शिवानंद खुर्चीत मागं रेलला आणि नुसता हसत राहिला. मलाही फार हलकं वाटलं.

*

सोमवारी सकाळी त्याच्या वडलांचा फोन. त्यानं स्पीकरवर टाकला.

"अप्पा, बंद पडलं का?"

"न्हाय की. झ्याक चाललंय. वजन बी बरोबर."

"मग?"

"लोक दूध ओतून हितंच उभारल्यात. रांग हलंना."

"का?"

"बंतु म्हनंना झालंय ते."